बुलढाण्यातला ढ

मोताळ्याच्या माझ्या खोलीला पाटी नव्हती, आणि ती मी मुद्दामच लावली नव्हती. बुलढाण्याच्या खोलीला होती. तिच्यावर ‘बाल मानसोपचार’ असं ठसठशीत रंगवून घेतलं होतं, कारण तेव्हा मी नवी होते आणि मला स्वतःच्या पदवीचं फार कौतुक होतं. लोक पोराचा हात धरून जिना चढायचे, पाटी वाचायचे आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे वळायचे. एका आजोबांनी तर आता आलोच आहोत म्हणून नातवाचा दात खरोखर दाखवून घेतला. मानसोपचार म्हणजे वेड्याचा डॉक्टर, याच्यापलीकडे आमच्याकडे दुसरा अर्थ नाही. पोर वाचत नाही म्हणून त्याला वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं, हे सोयऱ्याधायऱ्यांना कळलं की कारभार आटोपला.

म्हणून मी मोताळ्याला बाजाराच्या दिवशी जायला लागले. आठवडी बाजाराला सगळा तालुका लोटतो. त्या दिवशी पोराला घेऊन कुठे निघालात, असं कुणी कुणाला विचारत नाही. बी-बियाण्यांच्या एका दुकानामागची खोली मिळाली. तिला फवारणीच्या औषधाचा वास होता, तो खिडकी उघडूनही जात नसे. आया बाजाराच्या पिशव्यांसकट यायच्या. माझ्या टेबलाखाली कुणाचे कांदे असत, कुणाचा पालक असे, आणि वर चिकणमाती, चित्रं, अक्षरांचे ठोकळे. गावात विचारलं तर सांगायचं, ‘मॅडमची ट्यूशन लावली.’ ही युक्ती आयांचीच होती आणि मला ती आवडली. पुढे तीच माझ्या अंगाशी आली, कारण ट्यूशन म्हटली की मार्क वाढायला हवेत. पोराची भीती कमी झाली, पोर हसायला लागलं, रात्री नीट झोपायला लागलं, याला ट्यूशनच्या हिशेबात काही किंमत नसते. ‘ट्यूशन लावून बी पोट्टी तशीच,’ असं मी पुष्कळ ऐकलं आहे.

ती आली तेव्हा पाचवीत होती. आईबाप भाजीपाला करणारे, गावाजवळच्या विहिरीवर त्यांचा मळा. आई बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसायची, आणि मुलीला माझ्याकडे सोडून पुन्हा पाट्यांपाशी जायची. तक्रार पोटदुखीची होती. सोनोग्राफी झाली होती, जंताचं औषध झालं होतं, दंडात ताईत बांधून झाला होता. दुखणं मात्र सोमवारी सकाळी सुरू व्हायचं आणि शनिवारी दुपारी थांबायचं. दिवाळीच्या सुट्टीत तर ते पार नाहीसं व्हायचं. एवढं सगळं आईने स्वतःच मला सांगितलं आणि वर विचारलं, “काऊन होत असंन, मॅडम?”

मी मुळात शांत बाई नाही. या धंद्यात शांत माणसं लागतात म्हणतात, तर मी ती शांतता शिकून घेतली आहे आणि पोरांपुढेच वापरते. मोठ्यांपुढे ती पुरत नाही. तेव्हा मी आईला म्हणाले, “मावशी, तिचं पोट नाही दुखून राह्यलं, तिची शाळा दुखून राह्यली.” आई हसली. तिला वाटलं मी गंमत करते.

मी पोरांशी आमच्या बोलीतच बोलते. पुण्याला शिकत असताना एकदा भर वर्गात माझ्या तोंडून ‘मला’ऐवजी ‘मले’ निघून गेलं होतं. वर्ग हसला, आणि शिकवणाऱ्या बाईही हसल्या, प्रेमाने. त्यानंतर बरेच दिवस मी तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य मनात धुऊन घ्यायची. आपण बोललो की लोक हसणार, ही धास्ती पोटात कुठे बसते ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी मी तिच्यापुढे तिचंच मराठीचं पुस्तक ठेवलं. तिने ते दोन्ही हातांत धरलं आणि धडा खडाखडा म्हणायला सुरुवात केली. आवाज गोड, स्वल्पविरामाला थांबणं, प्रश्नचिन्हाला सूर वर नेणं, सगळं जिथल्या तिथे. मला क्षणभर वाटलं, हिच्यात काही दोषच नाही. मग लक्षात आलं की ती म्हणत होती तो धडा दुसराच होता. पुस्तक भलत्याच पानावर उघडलं होतं आणि तिथे नुसतं चित्र होतं. घरी मोठी बहीण धडे मोठ्याने वाचायची आणि ही ते ऐकून सबंध पाठ करायची. पाचवीपर्यंत ती अशी कानांवर आली होती. एवढी स्मरणशक्ती असलेल्या पोरीला शाळा मठ्ठ म्हणत होती, आणि ती स्वतःही म्हणत होती.

अध्ययन अक्षमता हा शब्द मला आवडत नाही, पण दुसरा नाही. बुद्धी चांगली असते, डोळे-कान ठीक असतात, पण छापलेलं अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ काही केल्या बसत नाही. बसली तरी सुटते. काल ओळखलेलं अक्षर आज अनोळखी होऊन समोर येतं. त्यात आमच्याकडे हे ओळखणं आणखी अवघड, कारण सगळीच पोरं पाणीचं ‘पानी’ लिहितात. गुरुजी म्हणतात, इथली बोलीच तशी, त्याला कोण काय करणार. शंभरातल्या सगळ्यांच्याच चुका असल्या की खरोखर अडलेलं एक पोर त्यांच्यात बेमालूम दडून जातं.

हळूहळू तिला अक्षरं यायला लागली, म्हणजे येऊन जायला लागली. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती एक अक्षर गाळायची. चुकवत नव्हती, गाळत होती. ‘ढग’ आला की नुसतं ‘ग’ म्हणायची. ‘आषाढ’ला ‘आषा’वरच थांबायची. बसच्या पाटीचं चित्र दाखवलं तर म्हणाली, “बुल...णा.” मधे तिने आवंढा गिळला, तो मला ऐकू आला.

“मधातलं काऊन सोडलं?” मी विचारलं.

तिने वेणीचं टोक तोंडात घातलं. बाहेर कुणीतरी वांग्यांचा भाव ओरडत होतं.

“ते शिवी हाय न, मॅडम.”

“कोन सांगतलं?”

“मले म्हन्तात न शाळेत. ढ.” मग जरा पुढे सरकून हळूच म्हणाली, “शिवी पुस्तकात काऊन छापली असंन त्याहिनं?”

आपल्या भाषेने बाराखडीतलं एक अक्षर उचललं आणि पोरांच्या कपाळावर चिकटवलं. क्षला कुणी काही म्हणत नाही, झला म्हणत नाही, बिचाऱ्या ढलाच हे काम दिलं. आपण सगळे ते हसत हसत वापरतो. माझ्या घरातही वापरत असत. पण ज्या पोराला आधीच अक्षरांची भीती आहे, त्याच्यासाठी त्या गर्दीत एक अक्षर असं आहे की जे त्याला पाहून हसतं.

मी तिच्या शाळेत गेले. गुरुजी वाईट माणूस नव्हते. मला त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. वर्गात त्यांनी तिची ‘आमची ढ’ अशीच ओळख करून दिली आणि पोरं लाडाने हसली. गृहपाठ नसला की ते तिच्या तळहातावर पेनाने ढ काढायचे, आणि तो घरी गेल्यावर आईला दाखवायचा, अशी पद्धत होती. ती वाटेत ओढ्याच्या पाण्यात हात घासून यायची. मी सगळं समजावून सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

“अहो मॅडम,” ते म्हणाले, “आम्ही बी ढच होतो. मास्तरच झालो न शेवटी? गमतीनं म्हन्तो आपन. लेकरायले काही वाटत नाही.”

“तिला वाटतं,” मी म्हणाले. “तिच्या पोटात दुखतं.”

“पोटात तं सगळ्याइच्याच दुखते गृहपाठ नसला का,” ते म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. मी चहा तसाच ठेवून उठले. गाढवापुढे वाचली गीता, असं मनात म्हणाले आणि लगेच वाटलं, आपणही शिवीच दिली.

शाळा बदलत नसेल तर अक्षर बदलायचं, असं मी ठरवलं. त्या पावसाळाभर आम्ही दोघी त्या एका अक्षराच्या मागे लागलो. चिकणमातीचा ढ केला. ताटात ज्वारीचं पीठ पसरून त्यात बोटाने ढ काढला. खोलीत खडूने मोठा ढ आखून त्यावरून चाललो, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. मी तिला म्हणायला लावलं, ढग, ढोल, ढाल, ढेकर. ढेकरावर ती पहिल्यांदा खळखळून हसली आणि तिने मला खराखुरा ढेकर देऊन दाखवला. मी तिला सांगितलं, ढ म्हणजे फक्त एक आवाज आहे, त्याच्या हातात छडी नाही. ती ते घोकायची. मग एका बाजारच्या दिवशी ती धावतच आली.

“मॅडम, एका पाटीवर ढच नाही!”

तिची गोष्ट खरी होती. आमच्या जिल्ह्याचं नाव कुठे ढ घालून लिहितात, कुठे ड घालून. स्टँडवर दोन पाट्या शेजारी उभ्या असतात आणि दोन्हींवर जिल्हा वेगळा असतो. जन्मभर ते पाहून मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं.

“जिल्ह्यालेबी ढ लिवता नाही येत,” ती म्हणाली. “अन् त्याले तं कोनी हासत नाही.”

इतका आनंद मला त्या वर्षात दुसऱ्या कशाने झाला नाही. पोटदुखी थांबली. तिने ताईत सोडून टाकला, म्हणजे आईने सोडू दिला. आणि ढ हे एकच अक्षर असं झालं की ते ती कधी, कशातही चुकली नाही. ण उलटा व्हायचा, म आणि भ एकमेकांच्या जागी जायचे, वेलांट्या वाटेल तिकडे वळायच्या. ढ मात्र मोत्यासारखा. लहानशी गाठ, गोल पोट, वर सरळ रेघ. ते अक्षर तिच्या हातात बसलं.

मधली वर्षं बरी गेली. सगळ्याच बाजारांना ती येत नसे. कधी मळ्यात काम निघे, कधी बस चुके. पण यायची. बहीण धडे वाचायची, ही पाठ करायची, परीक्षेत जमेल तेवढं उतरवायची, आणि खालच्या वर्गांत कुणी फारसं अडवत नाही. तिला काय व्हायचं आहे हेही तिने ठरवून टाकलं होतं. गावातली एक बाई दवाखान्यात नर्सच्या हाताखाली होती, तिचा पांढरा कोट तिला फार आवडायचा. मी चौकशी केली तेव्हा कळलं की त्या कामाच्या शिक्षणाला दहावी पास लागते. “मंग दहावी पास व्हतो,” ती म्हणाली. जसं काही बाजारातून येताना मीठ घेऊन यायचं आहे.

होणं अशक्य नव्हतं. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलत असते. उत्तरं मुलाने सांगायची आणि दुसऱ्या कुणी ती लिहायची. वेळ जास्त मिळतो. तिच्यासारख्या, कानांनी शिकलेल्या मुलीला लेखनिक मिळाला तर ती पास झाली असती, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. त्यासाठी एक प्रमाणपत्र लागतं. ते परजिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात तपासणी करून मिळणार होतं. मी तारीख ठरवली, सोबत जायचं कबूल केलं, आणि आईला म्हणाले, या वेळी त्यांना पाठवा.

बाप आला. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. येताना माझ्यासाठी फुलकोबीचे दोन गड्डे घेऊन आला. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. मी सांगत गेले आणि तो मान हलवत गेला. मग त्याने विचारलं, “त्या कागदावर काय लिवून येते, मॅडम?”

मी सांगितलं. विशिष्ट अध्ययन अक्षमता. आणि वर, दिव्यांगत्व प्रमाणपत्र.

“दिव्यांग,” तो म्हणाला. तो शब्द त्याने एकदा मनाशी पुन्हा म्हटला. “म्हंजे लंगडे-पांगळे असतात, त्याहीच्यात?”

“तसं नाही. कायद्याने एक नाव द्यावं लागतं. परीक्षेपुरतं—”

“मोठीचं जमून राह्यलं हाय,” तो म्हणाला. “मेहकरकडचं स्थळ हाय. चांगले लोक हायेत. घरात एक दिव्यांग निघालं का मोठीचंबी मोडते, मंग इचंबी होत नाही. त्याहिले काय सांगू, कोनता अवयव खराब हाय म्हनू?”

“तिचा कोणताच अवयव खराब नाही. अहो, तिला वर्गात इतकी वर्षं ढ म्हणतात, ते तुम्हाला चालतं?” माझा आवाज चढला होता.

तो जराही चिडला नाही. लहान पोराला समजावून सांगावं तसं त्याने मला सांगितलं. “ढ चालते, मॅडम. अर्ध्या गावाच्या पोरी ढ हायेत. ढ पोरीचं लग्न होते. दिव्यांगचं नाही होत.”

मला त्याचा संताप आला होता, आणि त्याहून जास्त संताप याचा की तो जे म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. तो आपल्या दोन मुलींचा हिशेब मांडत होता आणि माझ्याकडे फक्त एकीचा होता. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे वळून विचारलं, “तुले काय वाटते?”

तिने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मी पाठ करतो न, मॅडम. ताई वाचून देते.”

ताईचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं. ती मेहकरकडे नांदायला गेली आणि तिच्याबरोबर घरातला वाचणारा आवाजही गेला. आईला वाचता येत नव्हतं. बाप वर्तमानपत्रातले ठळक मथळे तेवढे वाचायचा. मी काही धडे माझ्या आवाजात मोबाइलवर भरून दिले. पण मोबाइल बापाच्या खिशात असायचा आणि बाप मळ्यात असायचा. मी दर बाजारी शक्य तेवढं वाचून दाखवलं. ते पुरणारं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ती दहावीला नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती मला सांगायला आली तेव्हा रडत नव्हती. फक्त पोटावर हात ठेवून बसली होती. तो हात मी ओळखला. त्यानंतर ती यायची बंद झाली. मी निरोप पाठवले. ‘आता ट्यूशनचं काय काम,’ असं उत्तर आलं.

मग बऱ्याच काळाने, अठरा पूर्ण झाल्यावर, एका बाजारच्या दिवशी आई तिला घेऊन पुन्हा माझ्या दारात उभी राहिली. ती उंच झाली होती. केस घट्ट बांधलेले, ओढणी दोन्ही खांद्यांवर नीट.

“मॅडम,” आई म्हणाली, “पुढच्या आठोड्यात पाहुने येऊन राह्यले हिले पाहाले. तिकडच्या लोकाइची रीत हाय, पोरीले चार मान्सांपुढं लिवाले लावतात. नाव, गाव, तालुका, जिल्हा. एवढी एक ओळ बसवून द्या.”

ही रीत मला माहीत होती. पोहे आणून ठेवले की कुणीतरी वडीलधारा माणूस खिशातून पेन काढतो आणि म्हणतो, बाई, जरा नाव लिहून दाखव. पोरगी किती शिकली ते कागदावरून कळतं म्हणे. माझ्या मोठ्या बहिणीला असंच लिहायला लावलं होतं, आणि तिचं अक्षर चांगलं म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माझ्या तोंडावर आलं होतं, की मी लग्नाचे क्लास घेत नाही. बापाने तो कागद अडवला नसता तर जी पोरगी आज पांढऱ्या कोटात असती, तिची परीक्षा आता पोह्यांच्या बशीवर घ्यायची, आणि तयारी मी करून द्यायची? मी ते बोलणारच होते.

तीच मधे बोलली. “शिकवून द्या, मॅडम. नाही तं तिथंबी हासतीन.”

मग मी शिकवलं. त्या दिवशी दुसऱ्या मुलांना बाहेर थांबायला सांगून आम्ही ती एक ओळ गिरवली. पीठ नव्हतं, फरशीवर पाण्याने गिरवली. तिचं नाव दोनदा उलटसुलट झालं. गावाच्या नावातला भ रुसला. ‘तालुका’वर ती घामेजली. शेवटी ‘जि.’ आलं आणि त्याच्यापुढे बुलढाणा. तिथे मात्र तिचा हात मोकळा झाला, आणि मधला ढ तिने असा सुरेख काढला की आम्ही दोघी हसलो. जाताना तिने ओळ पाठ आहे की नाही ते हवेत बोटाने लिहून दाखवलं. बरोबर होतं. मी तिला म्हणाले, आता घाबरायचं नाही.

पुढच्या बाजाराला आई एकटीच आली आणि दारातूनच भांडायला लागली. “काय शिकवलं तुमी तिले? चार मान्सांत तोंड काळं केलं तिनं!”

झालं होतं ते असं. पोहे झाले, चहा झाला. मुलाचा मामा खिशातून पेन काढून म्हणाला, “नाव-गाव तं सगळ्याच पोरी घोकून येतात. आज सैंपाकात काय काय केलं, ते लिव बाई.” तिने कागद घेतला. बराच वेळ खाली पाहून बसली. मग तिने लिहिलं आणि कागद मामापुढे सरकवला. कागदावर मधोमध एकच अक्षर होतं. मामाने विचारलं, हे काय? ती म्हणाली, ढ. पाहुणे कळवतो म्हणून गेले. त्यांनी काय कळवायचं ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. बाप तेव्हापासून कुणाशी बोलत नव्हता.

आईपुढे मी गंभीर चेहरा ठेवला. पण खोटं कशाला सांगू, माझ्या आत ढोल वाजायला लागला होता. शाब्बास गं पोरी, असं झालं मला. ज्यांना ढ चालत होता, त्यांच्याच पुढ्यात तिने तो मांडून ठेवला. घ्या, हीच मी! मी ते पुढे एका शहरात, माझ्यासारख्याच लोकांच्या प्रशिक्षणात सांगितलं, आणि तिथे लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, केवढं हे बंड. मला ते ऐकून बरं वाटलं.

परत आल्यावर बाजाराच्या दिवशी मी खोली लवकर बंद केली आणि भाजीबाजारात गेले. आईच्या जागी ती बसली होती. मेथीच्या जुड्या रचलेल्या, त्यांवर पाणी शिंपडणं चालू. मला पाहून तिने पोतं झटकून बसायला जागा केली. मी बसले आणि तिचा हात धरून म्हणाले, “मी ऐकलं, तू काय लिहिलंस ते. मला तुझा अभिमान वाटतो.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी काय बोलते ते तिला कळत नव्हतं.

“बरी जिरवली त्यायची,” मी म्हणाले.

“कोनाची?” ती म्हणाली. मग तिने मान खाली घातली आणि जुड्या पुन्हा नीट लावायला लागली. “मॅडम, मले काहीच आठोलं नाही. पोळी कशी लिवतात, ते आठोलं नाही. वरन नाही आठोलं. माहं नावबी गेलं. सगळे पाहून राह्यले होते अन् हात तं चालवा लागते न. मंग जे येत होतं ते लिवलं.”

एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने दोन जुड्या दिल्या. त्याच्या पिशवीत कोथिंबिरीच्या चार काड्या वरून टाकल्या. तो गेल्यावर ती माझ्याकडे जरा सरकली आणि पाचवीत विचारायची तशी हळूच विचारती झाली.

“पन मॅडम, तो ढ बरोबर होता न? गाठ घेतली होती, पोट गोल काढलं होतं. वरची रेघबी देली होती.”

“हो,” मी म्हणाले. “एकदम बरोबर होता.”